गुरवकाकांची पिशवी

गुरवकाकांना ओळखीच्या माणसाच्या लग्नाला न्यायचं तर चार फोन करावे लागतात. अनोळखी माणसाच्या अंत्यविधीला मात्र ते आपण होऊन जातात. अट एकच, गेलेला माणूस पोलिसातला किंवा अग्निशमन दलातला हवा. अमेरिकेत अशा माणसाला निरोप देताना बॅगपाइप हे पिशवीचं वाद्य वाजवतात, आणि गुरवकाकांना वाजवणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे असतात.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत ते आणि काकू आमच्या शेजारी राहतात. मुलांनी काकांना हायवेवर गाडी चालवायची बंदी केली आहे, म्हणून सारथी मी. काका काळा सूट घालून, हात बांधून, सगळ्यात मागे उभे राहतात. माणसं पांगली की चौकड्यांचा घागरा घातलेल्या त्या धिप्पाड गृहस्थाला पार्किंगमध्ये गाठतात.

"व्हेरी नाइस. बट इट इज नॉट स्कॉटिश."

"मीही नाही," एकदा एक जण इंग्रजीत म्हणाला. "मी न्यूअर्कचा."

काकांनी त्याला क्षमा केली आणि परतीच्या वाटेवर सगळं भाषण मला ऐकवलं. "इंजिनिअर, हे मेंढपाळांचं वाद्य. स्कॉटलंडला पोचलं ते फार उशिरा. त्याच्या कितीतरी आधी रोमचा एक बादशहा बगलेत पिशवी दाबून वाजवायचा, असं लिहून ठेवलंय. ग्रीकांकडे तर त्याच्याही आधी. आणि तुर्कस्तानात एक जुना कोरीव दगड आहे, त्यावर असाच एक वाजवणारा उभा आहे."

"नक्की?"

"काही पंडित होय म्हणतात, काही नाही म्हणतात."

"मग पुरावा?"

"पुरावा कुजला."

हे दोन शब्द काका असे उच्चारतात, की जणू निकाल त्यांच्या बाजूने लागला. "पिशवी बकऱ्याच्या कातड्याची, नळ्या वेताच्या. दोन्ही मातीत जातात. मागे राहतो दगड. त्यात माणसाचे गाल फुगलेले दिसतात, आवाज येत नाही." घरातही हेच. फ्रीजमधलं श्रीखंड कुणी संपवलं, असं काकूंनी विचारलं तरी उत्तर तेच. "वाटी सिंकमध्ये आहे, ती नाही कुजली," काकू म्हणतात.

काका औषध कंपनीतून निवृत्त झालेले केमिस्ट. पण घराणं मिरजेकडच्या एका गावातलं, देवळात सनई वाजवणारं. सनईला जोडीदार लागतो. एक जण चाल वाजवतो, दुसरा शेजारी बसून एकच सूर अखंड धरतो. नाकाने श्वास घ्यायचा, गालातली हवा सोडत राहायची, सूर तुटू द्यायचा नाही. काकांचा सूर त्यांचे थोरले भाऊ, अण्णा धरायचे. खरं तर चाल थोरल्याने वाजवायची. पण 'बोटं धाकट्याची चांगली' म्हणून अण्णा आपण होऊन बाजूला सरकले. मग धाकटा विमानात बसला.

निवृत्तीनंतर दोघांनी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर वाजवायला सुरुवात केली. फोनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दुसरी कुठलीही साथ फसली असती. पण अखंड सुराला उशीर कसला? दोन वर्षं हे छान चाललं. अण्णांच्या मागे शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर असायची, तिला काकू तबला म्हणायच्या.

पुढे मी भारतात गेलो, तेव्हा काकांनी दिलेले बदाम घेऊन अण्णांकडे गेलो. तिथे त्यांचा फोन हातात घेतला आणि शहाणपणा केला. ॲपमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायची एक सोय असते, ती चालू करून दिली. गिरणी गप्प झाली. पिस्कॅटवेहून काका म्हणाले, "वा, इंजिनिअर." मी दोन दिवस फुशारलो होतो.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांचा सूर क्षणभर आला आणि विरला.

"अण्णा, सूर सुटला."

"धरलाय की."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी काका म्हणाले, "अण्णा, दम गेला तुझा. राहू दे आता."

अण्णांनी सनई खाली ठेवली. "आसंल," म्हणाले.

वाजवणं थांबलं. फोन आठवड्याचा महिन्यावर गेला. हिवाळ्यात अण्णा गेले. काका पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. परत आल्यावर त्यांचं हे अंत्यविधींचं सुरू झालं, आणि गॅरेजमधलं पिशवीचंही. काकूंची गुडघे शेकायची रबरी पिशवी त्यांनी पळवली, तिला दोन नळ्या जोडल्या, एकीतून फुंकायचं आणि दुसरीतून अखंड सूर काढायचा. निघणारा आवाज ऐकून आमच्या गल्लीतली कुत्री मालकांच्या मांडीवर जाऊन बसायची.

"माझे गुडघे दुखतायत आणि हे पिशवीला गाणं शिकवतायत," काकू म्हणायच्या.

"ही कुणी शोधली असेल, सांगू?" काकांनी एकदा मला विचारलं होतं. "सगळे म्हणतात, एकट्या मेंढपाळाने. मी म्हणतो, एकटा कसा? त्याचा कुणीतरी सूर धरणारा होता. तो सुटला. मग याने बकऱ्याचं कातडं बगलेत धरलं."

मी विचारणार होतो, पुरावा? त्याऐवजी त्यांना नळी धरून दिली.

गेल्या महिन्यात पुण्याहून आईने त्याच ॲपवर मला एक भजन ऐकवलं. "तंबोरा कसा लागलाय?" तिने विचारलं. मला तंबोरा ऐकूच आला नव्हता. तिचा तंबोरा म्हणजे एक यंत्र, बटण दाबलं की तासभर एकच सूर चालतो. आईला ती गाळायची सोय बंद करायला सांगितली, आणि तंबोरा आला. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गिरणी, असं ॲप समजतं आणि काढून टाकतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

सांगावं की नाही, यात आठ दिवस गेले. शेवटी गॅरेजमध्ये उभ्याउभ्या सांगून टाकलं. काका पिशवी बगलेत धरून ऐकत होते.

"म्हणजे अण्णा धरून होता."

"हो."

"तिन्ही रविवार?"

"हो काका. माझं चुकलं."

काकांनी टॅबलेट काढला. ते कॉल त्यांनी रेकॉर्ड केलेले होते. शेवटचा लावला. अण्णा दिसले, गाल फुगलेले, नाकपुड्या हलताहेत, नजर भावाच्या बोटांवर. अण्णांच्या सुराचा आवाज नाही. पूर्वी काका त्यात फक्त ती शांतता ऐकायचे. आता ते गाल बघत होते. शेवटी अण्णांनी सनई ओठांपासून काढली आणि तो एक शब्द मात्र खणखणीत ऐकू आला. "आसंल."

"भांडलाही नाही," काका म्हणाले. "म्हणायचं होतं ना, तुझाच कान गेलाय म्हणून."

मला वाटलं, आता ते 'पुरावा कुजला' म्हणतील. पण त्यांनी पिशवीच्या नळ्या उपसल्या, ती हाताने पुसली आणि घरात जाऊन काकूंपुढे ठेवली.

"घे. गुडघे शेक."

"झालं गाणं?" काकूंनी विचारलं.

"नको आता ही," काका म्हणाले. टॅबलेटवर अण्णांना पुन्हा लावलं, तो समोरच्या खुर्चीवर उभा केला आणि सनई शोधायला लागले.