उत्तमभाऊंची पिवळी पानं

आमच्या शेजारच्या उत्तमभाऊंकडे जाऊन कुणी "मासे छान आहेत हो" म्हणालं, की त्याला दुसरा चहा मिळत नाही. पहिला मिळालेला असला तर तो माणूस कधी संपवतो, अशा नजरेने भाऊ कपाकडे बघत बसतात.

पुसदला माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. त्याच भिंतीला लागून भाऊंचं घर. भाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कोणत्या शेताला कधी आणि किती तास पाणी सोडायचं, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, आणि ती गेल्यावर बैठकीत चार फुटांची काचेची टाकी आली. टाकीत पाणी, पाण्यात झाडं आणि झाडांमधून ये-जा करणारे पंधरा-वीस मासे. आपल्याला आधी मासे दिसतात. भाऊंच्या लेखी ती झाडांची टाकी आहे आणि मासे तिथले कर्मचारी.

"खत टाकतेत, शेवाळ खातेत, आपलं काम करतेत," ते सांगतात. "पण ते बदलीचे लोक. आज आहेत, उद्या नाही. झाडं इथले रहिवासी."

मासा मेला तर ते त्याला कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरतात आणि हात धुऊन पेपर वाचायला बसतात. अनुबियास नावाच्या झाडाचं एक पान गळलं तर त्या दिवशी त्यांच्याकडे कुकरची शिट्टी वाजत नाही.

झाड विकत घेणं हा तर स्वतंत्र सोहळा. बसस्टँडकडे एक मत्स्यालयाचं दुकान आहे. तिथे नागपूरहून झाडांच्या पिशव्या येतात. एकदा त्याच बाजूला काम होतं म्हणून मी भाऊंबरोबर गेले आणि पस्तावले. दुकानदाराने त्यांना लांबून पाहिलं आणि तो मागच्या खोलीत गेला. भाऊ शांतपणे उभे राहिले. कालव्यावर माणसाला शेतकऱ्याची वाट बघायची सवय असते. दुकानदार शेवटी बाहेर आला, तेव्हा भाऊंनी पिशवीतलं झाड उलटं धरलं आणि मुळं निरखू लागले. मूळ पांढरं असलं तर चांगलं, काळं आणि बुळबुळीत असलं तर परत. मग चौकशी: हे झाड पाण्याखाली वाढलं की पाण्याबाहेर? बाहेर वाढलेलं झाड पाण्यात घातलं की जुनी पानं सडतात आणि नवी यायला महिना जातो. दुकानदार म्हणाला, काका, मी काय त्याच्या जन्माच्या वेळी हजर होतो का? भाऊंनी पिशवी खाली ठेवली. तासाभराने आम्ही एक झाड घेऊन निघालो. ते बोटभर होतं.

घरी आणल्यावर झाडाला थेट टाकीत प्रवेश नाही. आधी तुरटीच्या पाण्यात बुडी, म्हणजे गोगलगायीची अंडी मरतात. मग पंधरा दिवस बादलीत वेगळा मुक्काम. मग लागवड. जावा फर्नचं मूळ वाळूत पुरलं की ते कुजतं, म्हणून भाऊ ते काळ्या दोऱ्याने लाकडाला बांधतात. माझ्या जाऊबाई एकदा आल्या होत्या. झाडाला काळा दोरा बघून त्यांनी कौतुकाने विचारलं, नजर लागू नये म्हणून ना? भाऊंनी त्यांना अर्धा तास मुळांची रचना समजावली. जाऊबाई तेव्हापासून माझ्याकडे मागच्या दाराने येतात.

टाकीतल्या दिव्यालाही पाळी आहे. सकाळी चार तास, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा चार तास. दुपारी का बंद, तर "झाडाईले दुपारची सुटी पायजे." सलग उजेड दिला की शेवाळ माजतं, हे खरं कारण. पण सुटीचं कारण सांगायला त्यांना जास्त आवडतं. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे तोंड करून लागतो आणि भाऊ डोक्यावर ओला पंचा घेऊन बाजूला बसतात. टाकीत सोडायच्या बर्फाच्या बाटल्या माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवायची परवानगी त्यांनी मागितली होती. मी म्हटलं, तिथे लोकांचं इन्सुलिन असतं. ते म्हणाले, मी कुठं त्याले हात लावतो? मी ठाम नाही म्हटलं. त्यांनी आठवडाभर डोकेदुखीची गोळी दुसऱ्या दुकानातून घेतली.

माझ्याकडून ते नेहमी नेतात ती बिनसुईची सिरिंज, झाडांचं खत मोजायला. एकदा दुकानात गर्दी असताना त्यांनी मोठ्याने सांगितलं, "पाच मिलीची द्या ताई. आज डोस आहे." शेजारच्या बाईने काळजीने विचारलं, कोण आजारी आहे? भाऊ म्हणाले, "क्रिप्टोकोरायन. जागा बदलली की सारी पानं टाकते." बाईने पदर नाकाला लावला आणि खोकल्याचं औषध न घेताच गेली.

तर अशा या माणसाच्या टाकीवर दिवाळीनंतर संकट आलं.

"पानं पिवळी पडून राह्यली, ताई," एक दिवस ते म्हणाले. लोह कमी पडत असणार, हे निदानही त्यांनीच केलं. खताची बाटली आणली. आठवड्याचा डोस चार दिवसांवर आला, मग रोजचा झाला. पानं पिवळीच. सिरिंज पाच मिलीची होती ती दहाची झाली. संक्रांतीपर्यंत भाऊंचा चेहरा उतरला. आईच्या माघारी सहा वर्षं सांभाळलेली टाकी डोळ्यांदेखत चालली होती. एका सकाळी येऊन ते मला विचारू लागले की माणसांसाठी असतं तसं, शिरेतून द्यायचं, काही जोरदार लोह आहे का. ते थट्टा करत नव्हते. मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या मागोमाग गेले.

टाकी खरंच बिघडली होती. पानांच्या कडांवर काळं, केसाळ शेवाळ चढलं होतं, काचेवर हिरवा थर होता. खत जास्त झालं की हेच होतं, हे भाऊंनीच मला शंभरदा सांगितलेलं. मी बाही वर केली आणि पाण्यात हात घालून एक पान बोटाने पुसलं. खालून निघालं ते बाजारात आलेल्या ताज्या मेथीसारखं हिरवंगार.

"भाऊ, हे पान पिवळं आहे?"

"आहे ना. दिसून नाही राह्यलं का तुमाले?"

मी दुकानातल्या पांढऱ्या अॅप्रनवरच गेले होते. कालच धुतलेला, निळीत काढलेला. मी तो समोर धरला आणि याचा रंग कोणता ते विचारलं.

भाऊ जरा संकोचले. "पिवळसर. पोळ्यापासून पाहून राह्यलो मी. धुवाले टाका, असं म्हणावं वाटे. पण बाईमाणसाले कसं म्हणावं?"

मला हसू आवरेना. एवढे महिने हा माणूस मला मळकट बाई समजून वर आदराने ताई म्हणत होता. पण दुकानात रोज डोळ्यांचे थेंब विकून मला एवढं समजतं की मोतीबिंदू वाढला की सगळं पिवळट दिसू लागतं. पानं चांगली होती. पिकले होते ते भाऊंचे डोळे. त्या डोळ्यांवर विश्वास ठेवून त्यांनी निरोगी झाडांना महिनोन्महिने औषध पाजलं होतं.

मी सांगितलं ते स्पष्टच सांगितलं. खत बंद. अर्धं पाणी बदला. शेवाळ लागलेली पानं कापा. आणि डोळे दाखवा, नाहीतर उन्हाळ्याच्या आत टाकीत काही उरणार नाही. भाऊंनी कपाट उघडून एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

तो यवतमाळच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म होता. पावसाळ्याच्या तोंडाला एका शिबिरात त्यांना ऑपरेशन सांगितलं होतं. त्या वेळी रंग ठीक दिसत होते, नुसतं धूसर होतं, म्हणून पानांचा आणि डोळ्यांचा संबंध त्यांच्या डोक्यात आला नव्हता. मला त्यांचा राग आला. झाडांपायी राहिलं का, असं मी विचारलं. हो म्हणाले. झाडाईले कोण पाहीन? मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात फॉर्म वाचला.

नाव, वय, पत्ता, पूर्वीचे आजार. कालव्याच्या नोंदवहीतलं ते वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. सगळं भरलेलं. फक्त 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव' ही ओळ कोरी होती.

"सोबत माणूस आणाच म्हणतेत," भाऊ म्हणाले. "माहा सख्खा भाऊ ढाणकीले असते, त्याचा शेतीचा हंगाम. तुमचं दुकान असते. कोणाले म्हणावं, चला म्हणून?"

मी अॅप्रनच्या खिशातलं पेन काढलं, त्या ओळीवर माझं नाव लिहिलं आणि नंबर टाकला. सोमवारी माझा माल येतो, म्हणून मंगळवार ठरवला. परत आल्यावर दोन दिवस झाडांचं मी पाहीन, काय करायचं ते लिहून ठेवा, असंही सांगितलं. आणि दुकान उघडायला निघून आले.

दहा मिनिटांत भाऊ काउंटरवर हजर. सातची बस धरायची की आठची? सातची, मी म्हटलं. ते गेले आणि परत आले. खिडकीची जागा मला चालते का, वारा लागतो का? चालते म्हटलं. तिसऱ्यांदा आले ते डब्याचं विचारायला. वांग्याची भाजी करणार होते, तिखट किती टाकू?

चौथ्यांदा आले तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं. काउंटरला हात टेकून नुसते उभे राहिले. गिऱ्हाईक होतं, मला बोलायला सवड नव्हती. मी आतलं स्टूल बाहेर सरकवून दिलं.