वासुदेवजींना तोंडावर कसं सांगायचं?

“थेट बँकिंग लोकपाल!” अच्युतराव गरजले. “अधल्यामधल्यांशी बोलायचंच नाही!”

प्रकरण असं होतं. कुमुदआत्या बँकेत एफडी करायला गेल्या आणि विम्याची पॉलिसी घेऊन आल्या. काउंटरवरच्या गोड मुलीने “आजी, इथे सही” म्हटलं, आत्यांनी केली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जपलेले पैसे आता त्या नव्वदीला टेकल्यावर हातात पडणार होते! पॉलिसी परत करायची मुदत असते, पण तीही संपत आली होती.

“अहो, मॅनेजर तर आपले वासुदेवजीच ना? त्यांना सांगा की,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. वासुदेवजी रोज सकाळी अच्युतरावांबरोबर लालबागेपाशी फिरत आणि मग दोघे पोहे-जिलेबी हाणून फिरण्याची पुरती भरपाई करत. ज्याच्या बशीत आपण शेव घातली, त्याची तक्रार त्याच्याच तोंडावर करायची? इंदूरात राहायचंय की नाही!

अच्युतरावांनी लोकपालाचं पोर्टल उघडलं. पहिलाच प्रश्न: बँकेकडे तक्रार केली का? नाही. पोर्टलने नम्रपणे दार लावलं. मग ग्राहक आयोग. तिथले बाबू म्हणाले, “पहले बँक को लिखकर दो, काकाजी.” विमा कंपनीच्या हेल्पलाइनने बराच वेळ सनई ऐकवली आणि बँकेतच जायला सांगितलं. शेवटी चिडून ते पोलीस ठाण्यात गेले.

“किसके खिलाफ?” हवालदाराने विचारलं.

“नाव नाही सांगू शकत. रोज भेटतात.”

हवालदाराला भलताच संशय आला. कोणीतरी म्हाताऱ्याला धमकावतंय! त्याने बँकेचं नाव काढून घेतलं आणि तिथे फोन करून काकांच्या खात्यावर नजर ठेवायला सांगितलं. अर्ध्या तासात वासुदेवजी घामाघूम होऊन घरी हजर!

“अरे भिया, कोण त्रास देतंय तुम्हाला? नाव सांगा फक्त, देख लेंगे त्याला!”

अच्युतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. बोलल्या त्या आतून कुमुदआत्या.

“अरे वासुदेवा, तुझ्याच बँकेने! मला एफडी हवी होती, गळ्यात विमा बांधलात! मी चालू कशी?”

वासुदेवजींचा चेहरा पडला. आत्यांनी पुढे केलेल्या पॉलिसीवरची तारीख त्यांनी पाहिली. “आत्या, शप्पथ, मला माहीतच नाही. मुदत उद्यापर्यंत आहे. सकाळीच या, मी स्वतः बघतो.”

दुसऱ्या दिवशी चहाचा कप संपायच्या आत पॉलिसी रद्द झाली. वासुदेवजींनी त्या मुलीला आत बोलावून झापलं, आत्यांची माफी मागितली. अच्युतरावांना अगदी भरून आलं.

“अब क्या बताऊँ भिया,” वासुदेवजी हळूच म्हणाले, “या महिन्याचं विम्याचं टार्गेट मात्र गेलं. वरून रोज फोन येतात.”

घरी आल्यावर सुहासिनीबाईंनी आत्यांची एफडीची पावती देवापुढे ठेवली. मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या काखेतल्या जाडजूड चकचकीत पाकिटाकडे गेलं.

“आणि हे काय?”

“ते... माझी पॉलिसी आहे. आणि,” अच्युतराव चप्पल काढता काढता म्हणाले, “एक तुझ्या नावाची.”