अर्धी कॉफी

म्हैसूरचे पुट्टस्वामय्या पाटबंधारे खात्यातून मेअखेरीस नियमानुसार सेवानिवृत्त झाले. हार झाला, शाल झाली, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी करण्याजोगं काहीच नसल्यामुळे त्यांनी स्वयंपाकघराची तपासणी हाती घेतली आणि हिंगाची डबी मोहरीशेजारी कोणाच्या मंजुरीने ठेवली आहे, अशी विचारणा बायकोकडे केली.

"अहो, उद्यापासून सकाळी घरात दिसायचं नाही," जयलक्ष्मम्मा म्हणाल्या. "मला कामं असतात."

"मग मी जाऊ कुठे?"

"रिटायर झालेली माणसं जातात तिथे."

रिटायर झालेली माणसं तळ्याभोवती फेरी मारून कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात. पुट्टस्वामय्या गेले, एक खुर्ची ओढली आणि खात्यातल्या सवयीने मोठ्या आवाजात कॉफी मागवली. सगळ्या टेबलांनी वळून पाहिलं.

"अख्खी?" शेजारून नंजुंडय्यांनी विचारलं. हे बस आगारातले निवृत्त हेडक्लार्क, हॉटेलातले सर्वांत जुने पेन्शनर आणि म्हणून तिथले सर्वाधिकारी. "खातं कुठलं म्हणालात, सार?"

"पाटबंधारे."

"तरीच!" नंजुंडय्या म्हणाले, आणि चारही टेबलांवर माना डोलल्या.

मग त्यांनी धोरण समजावून सांगितलं. पेन्शन म्हणजे अर्धा पगार. अर्ध्या पगारात अख्खी कॉफी पिणारा माणूस वरची अर्धी कुठून आणतो, असा प्रश्न जनतेच्या मनात साहजिकच निर्माण होतो. म्हणून इथे सगळे बाय-टू घेतात, म्हणजे एक कॉफी, दोन पेले, दोन माणसं. पुट्टस्वामय्यांचा चेहरा पडला. त्यांनी हयातीत एक पैसा खाल्ला नव्हता. तशी फाइलच कधी त्यांच्या टेबलावर आली नव्हती.

"मग मलाही बाय-टू," ते घाईघाईने म्हणाले.

"दुसरे कोण?" वेटरने विचारलं.

दुसरं कोणीच नव्हतं. सगळ्या जोड्या ठरलेल्या होत्या. नंजुंडय्यांचे जोडीदार बोरेगौडा, निवृत्त हेडमास्तर, समोरच बसून खोकत होते.

"एक जास्तीची जोडी लावता येणार नाही का?"

"खुर्च्या कुठायत? नव्या पदांना बंदी आहे, सार. तुम्ही ओढलीत ती खुर्चीही भरलेली आहे, तिच्यावरचे फक्त हात धुवायला गेलेत."

"मग जागा कधी निघेल?"

नंजुंडय्यांनी छताकडे पाहिलं. "ते आपल्या हातात नसतं. आदेश वरून येतो."

तोवर पुट्टस्वामय्यांना खांबाजवळ उभं राहण्याची तात्पुरती परवानगी मिळाली. घरी परतायची सोय नव्हती आणि अख्खी कॉफी मागवायची छाती नव्हती. रोज सकाळी ते उपाशीपोटी, इस्त्रीच्या शर्टात, खांबाला टेकून इतरांच्या पेल्यांतून निघणारी वाफ बघत. मोकळा वेळ भरपूर असल्यामुळे हळूहळू ते सर्वांच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

"खोकला रात्री वाढतो का हो?" त्यांनी बोरेगौडांना विचारलं.

"नाही, आता बराच कमी आहे."

"अरेरे!" पुट्टस्वामय्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्या रात्री त्यांना स्वतःची लाज वाटली. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी सकाळी बोरेगौडांसाठी तुपाने थबथबलेला म्हैसूरपाक नेला. बोरेगौडांना मधुमेह होता, ही बाब पुट्टस्वामय्यांना माहीत होती. पण हेतू शुद्ध असला की तपशिलात कोण शिरतो! त्यानंतर डबा रोज जाऊ लागला. बोरेगौडांचा त्यांच्यावर भारी जीव जडला. "पोटच्या पोरानं एवढं केलं नाही," ते बोटं चाटत सांगत.

पावसाळा सरता सरता बोरेगौडा झोपेतच गेले. पुट्टस्वामय्या स्मशानात हमसून रडले. खरोखर रडले, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग डोळे पुसून त्यांनी नंजुंडय्यांना हळूच विचारलं, "जागा प्रतीक्षायादीतूनच भरणार ना?"

तेराव्यापर्यंत नंजुंडय्यांनी समोर बोरेगौडांच्या नावाचा अर्धा पेला ठेवला. तो तसाच निवून जाई. मग मुलाखत झाली.

"साखर?"

"तुम्ही म्हणाल तेवढी."

"छातीचा आलेख काढून आणा. वारंवार जोडीदार बदलणं या वयात सोसत नाही."

पुट्टस्वामय्यांनी आलेख काढला, रक्त दिलं, सरकत्या पट्ट्यावर धावून दाखवलं. या तपासण्यांच्या खर्चात वर्षभराची अख्खी कॉफी सहज आली असती, पण इभ्रतीचा प्रश्न होता. अखेर ते पात्र ठरले. जयलक्ष्मम्मांनी औक्षण करून त्यांना घराबाहेर काढलं.

खुर्चीत बसून त्यांनी पेला हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढा आनंद बढतीच्या वेळीही झाला नव्हता. पहिला घोट घेणार, तोच खांबाजवळ कोणीतरी खाकरलं. परवाच निवृत्त झालेले एक बँक मॅनेजर तिथे इस्त्रीच्या शर्टात उभे होते. त्यांच्या हातात डबा होता.

"नमस्कार, सार," ते फार मायेने म्हणाले. "तब्येत कशी आहे? रात्री झोप लागते का?"

पुट्टस्वामय्यांनी पेला खाली ठेवला.

"ठणठणीत आहे म्हणा, आणि डबा परत करा," नंजुंडय्या कानाशी पुटपुटले.

पण झाकण उघडलं होतं, तुपाचा वास सुटला होता, आणि पोटच्या पोरानंही एवढं केलं नव्हतं. पुट्टस्वामय्यांनी एक वडी उचलली.

तुमचीही अलीकडे कोणी फार आपुलकीने चौकशी करत असेल. चांगलंच आहे. फक्त तो बसून विचारतो की उभ्याने, एवढं बघून ठेवा.