आचार्यांचा हळुवार संकल्प

रामाचार्यांनी आराम करायचं ठरवलं आणि तिथूनच सगळी पंचाईत सुरू झाली.

आता आराम काय, कुणीही करतो. गुलबर्ग्याच्या उन्हात तर म्हशीसुद्धा करतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण रामाचार्यांनी एखादी गोष्ट ठरवली की त्या गोष्टीलाच घाम फुटतो. चौतीस वर्षं मोजणी खात्यात हेडक्लार्क म्हणून काढलेला माणूस. खिशात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य, "सही केलास ना? मग संपलं." आळंदकडचा एखादा शेतकरी हात जोडून यायचा, "सायेब, न वाचता सही दिलो की ओ, बांध चुकलाय." आचार्य चष्म्यावरून बघायचे. "न बघता घास घेतोस का? मग न वाचता सही कामून केलास?" झालं, फाईल बंद. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण वाक्य काही रिटायर झालं नाही.

तर हा आराम कुठून उपटला? डॉक्टरांनी बी.पी. बघून भुवया वर केल्या आणि बेंगळूरच्या मुलानं, श्रीवत्सनं, उडुपीच्या पलीकडं समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये आई-बाबांचं तीन दिवसांचं बुकिंग करून टाकलं. आचार्य आधी बिथरले. मग पंचांगात बघितलं तर माघ महिना लागत होता. "माघात समुद्रस्नान. पुण्य आहे," ते म्हणाले. (पुण्य मिळत असेल तर आचार्य आरामसुद्धा करतील.)

सुमतीबाईंच्या मनात मात्र समुद्रापेक्षा बिदर जास्त उसळत होतं. त्यांचा धाकटा भाऊ विजयेंद्र बिदरला मैलूरमध्ये राहतो. त्याच्या वैष्णवीचं लग्न माघ वद्य पंचमीला ठरलेलं. ही वैष्णवी दीड वर्षाची होईपर्यंत सुमतीबाईंच्याच मांडीवर वाढली, कारण तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. पोरीनं फोनवर सांगितलं होतं, "आत्या, तू आणि आतोबा दोघं न्हाई आलाव तर मी बोहल्यावर चढणार न्हाई." आणि आतोबांचं म्हणणं असं, की मैलूरची धूळ या पायांना लागणार नाही.

कारण? सात वर्षांपूर्वी विजयेंद्राच्या मुलाच्या मुंजीत जावई म्हणून आचार्यांना आहेरात धोतरजोडी मिळाली. घरी येऊन त्यांनी घडी मोडली आणि टेप लावला. (तुम्ही-आम्ही धोतर नेसतो, आचार्य आधी मोजतात.) एक धोतर बरोबर भरलं. दुसरा निघाला चक्क पंचा. घडी तीच, काठ तोच, लांबी निम्मी. दुकानदाराची चूक असेल, पण मोजणी खात्याच्या माणसाला लांबीत फसवणं म्हणजे हलवायाला शिळा पेढा देण्यासारखं. आचार्यांनी बिदरशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं आणि तसा निरोप बायकोमार्फत रवाना केला. तेव्हापासून सात वर्षं तिकडं फिरकले नाहीत.

"एकटी जा की तू," ते म्हणायचे.

"एकटी गेले तर मांडवात शंभरजणी विचारतील, आचार्य कुठायत? कुणाकुणाला काय सांगत बसू?"

"खरं ते सांग."

सुमतीबाई यावर वाती वळायला घ्यायच्या. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात बाईमाणसाला कळतं, कुठलं दार ढकलायचं आणि कुठल्या दाराशी नुसतं बसून राहायचं.

रिसॉर्टला पोचल्यावर आचार्यांनी पहिलं काम काय केलं असेल? आरामाचं टाइमटेबल लिहिलं. पहाटे पाच, समुद्रस्नान. सहा, संध्या. सात ते नऊ, आराम. नऊ ते साडेनऊ, विश्रांती. साडेनऊ ते बारा, उरलेला आराम. ते भिंतीला चिकटवलं आणि एका पेटीतून सोवळ्याचं धोतर, पळी-पंचपात्र, इलेक्ट्रिक शेगडी, पुडचटणीची बरणी असा संसार बाहेर काढला. कारण रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कांदा होता.

मग समुद्र बघायला गेले. लाट पुढं आली, मागं गेली. आचार्यांनी पावलांनी अंतर मोजलं. दुसरी लाट दीड पाऊल जास्त आली. "याला हद्दीचा दगड कामून घातला न्हाई कुणी?" ते म्हणाले. आजूबाजूला चार-पाच माणसं वाळूत हातपाय पसरून पडली होती. "आणि हा आराम न्हाई. हा आळस आहे."

दुसऱ्या दिवशी आरामात व्यत्यय आला. तिथं हेमावती नावाच्या धारवाडकडच्या बाई होत्या. लोकांना शांत बसायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी सगळ्यांना नारळीखाली गोलात बसवलं, प्रत्येकाच्या हातात एक पांढरं कार्ड दिलं आणि कन्नडमधून, मांजर दूध पितं तितक्या हळू आवाजात सांगितलं, "नवा महिना सुरू होतोय. या महिन्यासाठी एक संकल्प लिहा. मोठा नको, कडक नको. फुलासारखा."

आचार्यांनी हात वर केला. "बाई, संकल्प फुलासारखा नसतो. संकल्प खिळ्यासारखा असतो. ठोकला की ठोकला."

"तुमचा खिळ्यासारखा असू द्या, सर. पण हळू ठोका."

आचार्यांना तिथंच सुचलं. रोज रोज बायकोशी हुज्जत घालण्यापेक्षा एकदाच समुद्राच्या साक्षीनं विधिवत पाणी सोडून मोकळं व्हावं. ब्राह्मणानं सोडलेलं पाणी, ते काय परत फिरतं? त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "या माघात मी मैलूरच्या दिशेनं पाऊल टाकणार नाही." दोन ओळीत काम.

शेजारी सुमतीबाई लिहीतच होत्या. कार्डाची एक बाजू संपली, त्यांनी उलटलं.

"काय लिहायलीस एवढं? अर्ज आहे का तो?"

"तुमचं झालं ना? मग डोळे मिटून बसा."

लिहून झाल्यावर हेमावतीबाई म्हणाल्या, आता कार्ड छातीवर ठेवून झुल्यात पडा आणि वाऱ्याला वाचू द्या. झुला म्हणजे दोन नारळींना बांधलेली जाळी. सुमतीबाईंना जाळीपेक्षा पाण्याची ओढ. "धरा जरा," म्हणत त्यांनी आपलं कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं आणि पदर खोचून लाटांकडं गेल्या.

आचार्यांनी दोन्ही कार्डं छातीवर ठेवली आणि जाळीत, ऑफिसच्या खुर्चीत बसतात तसे, ताठ बसले. जाळीला ताठ माणसाची सवय नव्हती. ती उलटली. क्षणभर आचार्य आकाशाकडं, मग नारळीकडं, मग थेट वाळूकडं बघायला लागले. चष्मा एकीकडं, शेंडी दुसरीकडं, तोंडात वाळू. जाळी मात्र वर मजेत हलत होती.

कुणी हसलं नाही, सगळे शांत बसायला शिकत होते ना. पण आचार्यांचा पारा चढला. त्यांनी चाचपडून समोरचं कार्ड उचललं, वाळूनं भरलेला चष्मा खिशात कोंबला आणि तडक पाण्यात गुडघाभर उतरले. आपणच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं? डाव्या हातात कार्ड, उजव्या तळहातावर पाणी. खड्या आवाजात देश-काल उच्चारला, पश्चिम समुद्रतीर म्हटलं, माघ मास म्हटलं, श्रीविष्णूला साक्ष ठेवलं आणि शेवटी, "अस्मिन् पत्रे यल्लिखितं तत्सर्वं करिष्ये." या कागदावर जे लिहिलंय ते सगळं मी करीन. सोडलं पाणी. हेमावतीबाईंनी तर लांबून हात जोडले. त्यांच्या नोकरीत एवढ्या मनापासून कुणी कार्ड घेतलं नव्हतं.

आचार्य बायकोकडं वळले. "झालं. आता तुझा भाऊ पालखी घेऊन दारात आला तरी उपयोग न्हाई."

तेवढ्यात हेमावतीबाई वाळू झटकत आल्या. "सर, तुमचं कार्ड झुल्याखाली राहिलं. अक्षर फार सुंदर आहे. फक्त हे मैलूर कुठं आलं?"

लाट आली आणि गेली. आचार्यांनी हातातल्या कार्डाकडं बघितलं. दोन्ही बाजूंनी मुंग्या चालल्यासारखं बारीक अक्षर.

"वाच," ते म्हणाले.

सुमतीबाईंनी कार्ड घेतलं. आवाज अगदी सपाट. "लग्नाच्या आठ दिवस आधी विजूकडं जाईन. बायकांत बसून पापड लाटीन, गव्हले वळीन. वैष्णवीबरोबर एक फुगडी घालीन. विजूशी हसूनच बोलेन. आपण होऊन जुनं काही उकरून काढणार न्हाई."

"उलटून वाच."

"उलटून गव्हलेच आहेत. किती किलो ते लिवलंय."

आचार्य होते तिथंच वाळूत बसले. हेमावतीबाईंना दया आली. "सर, हा हळुवार संकल्प आहे. नाही जमला तरी चालतो."

"आमच्या खात्यात असा शेरा नव्हता, बाई."

"न वाचता सोडलाव की ओ पाणी," सुमतीबाई म्हणाल्या. "चुकून झालं. मी काय धरून बसणार न्हाई."

इथंच त्या बाईनं डाव जिंकला, बघा. धरून बसते म्हणाली असती तर आचार्यांनी शास्त्रातून चार पळवाटा काढल्या असत्या. पण सोडते म्हटल्यावर चौतीस वर्षांतले सगळे शेतकरी त्यांच्यापुढं रांगेत उभे राहिले, हात जोडून. "सही केली की संपलं," आचार्य पुटपुटले. मग उठून धोतर झटकलं. "बॅग भरताना पोळपाट घे. दुसऱ्याच्या पोळपाटावर माझा हात बसणार न्हाई."

माघ शुद्ध द्वादशीला आचार्य मैलूरमध्ये उतरले. चेहरा असा, जणू जप्ती करायला आलेत, पण ओठ हसरे. संकल्पच होता तसा.

त्यांना वाटलं होतं, विजयेंद्र खाली मान घालील. तो तर धावत खुर्ची घेऊन आला. "भावजी, आधी बसा. चढ चढून आलाव." सुमतीबाईंच्या भावजयीनं पाटाऐवजी उंच स्टूल मांडलं. देवघराच्या पायऱ्या चढताना दोघांनी दोन्हीकडून धरलं. शेजारच्या सत्यभामाबाई, शेतकरी घरातली सत्तरीची म्हातारी, मुद्दाम बघायला आल्या. "आलाव का बाबा? लई बरं वाटलं जीवाला." आचार्य मनात म्हणाले, लाजलेत. सात वर्षांनी माणसाची किंमत कळली.

पण खुर्ची त्यांनी नाकारली. खुर्चीवर बसून पापड लाटता येत नाहीत. ते बायकांच्या ओळीत मांडी ठोकून बसले आणि लाटायला लागले. पहिल्या दिवशी त्यांचे पापड नकाशासारखे होत, त्यात आळंद तालुका स्पष्ट ओळखू यायचा. मग खिशातून टेप निघाला. तिसऱ्या दिवशी प्रत्येक पापड सोळा सेंटीमीटर. एखाद्या बाईचा साडेपंधरा झाला की परत. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पण तिसऱ्या दिवसानंतर सगळ्याजणी लाटण्याआधी आचार्यांकडं बघायला लागल्या.

फुगडीही झाली. हळदीच्या आदल्या दिवशी अंगणात वैष्णवीनं त्यांचे हात धरले. "आतोबा, सोडून द्या. हात धरलाव, झाली फुगडी."

"एक म्हणजे पुरती एक," आचार्य म्हणाले, आणि शेंडी वाऱ्यावर सोडून पुरती एक घातली. पोरगी हसता हसता रडली. सुमतीबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि वर बघून उन्हाला दोष दिला.

एक बोच मात्र राहिली. जुनं आपण होऊन उकरायचं नाही, ही अट. पण आचार्य पक्के क्लार्क. आपण होऊन नाही, समोरच्यानं विचारलं तर? विचारलं तर उत्तर द्यायला मनाई नाही. ते आठ दिवस वाट बघत होते, विजयेंद्र कधी विचारतो. शेवटी लग्नाच्या आदल्या सकाळी गव्हल्यांचं शेवटचं ताट वळत असताना तो येऊन शेजारी टेकला.

"भावजी, सात वर्षं तुम्ही या घरात पाऊल टाकलं न्हाई. आम्हाला लई वाईट वाटायचं."

आचार्यांनी हातातला गव्हला खाली ठेवला. हसले. (अट.) "कामून न्हाई टाकलं, ते ठाऊक आहे ना तुला?"

"न ठाऊक असायला काय झालं? गुडघे."

"काय?"

"गुडघे. अक्कानं पहिल्याच वर्षी सांगितलं की. भावजींचे गुडघे गेलेत, चढ-उतार जमत न्हाई, रुसू नका म्हणून. दर सणाला ती हेच सांगायची. आम्ही बिदरच्या वैद्याकडून दर वर्षी तेल पाठवलं, मिळालं न्हाई का?"

मिळालं होतं. सात वर्षं आचार्य ते तेल डोक्याला लावत होते. त्यांनी सुमतीबाईंकडं बघितलं. त्यांचं लक्ष गव्हल्यांत असं काही गुंतलेलं, की मोत्याचे दाणे ओवताहेत म्हणावं.

म्हणजे सात वर्षं आपण रुसलोय हे कुणाला कळलंच नव्हतं. एवढा मोठा बहिष्कार, एवढा पीळ, आणि मैलूरात त्याची नोंद संधिवात म्हणून. नाही, हे सहन होणार नाही. विचारलंय ना? मग आता उभं राहून, सगळ्यांसमोर, धोतराच्या लांबीसकट सांगायचं. आचार्यांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि उठले.

म्हणजे उठायला गेले. आठ दिवसांची मांडी आणि एक पुरती फुगडी. गुडघ्यांतून सुपारी फुटल्यासारखा कटकन आवाज झाला आणि आचार्य निम्म्या वाटेत, गव्हल्यांच्या ताटावर ओणवे, तसेच अडकले. ना वर, ना खाली.

"खुर्ची आणा रे," विजयेंद्र ओरडला. "भावजींचं दुखणं उठलं."

चौघांनी उचलून त्यांना खुर्चीत ठेवलं. एकीनं तेल आणलं, दुसरीनं शेकायला मीठ तापवलं. आचार्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण ओठ तर हसतेच ठेवायचे होते. बघणाऱ्यांना वाटलं, बिचारे दुखत असूनही हसतायत. सत्यभामाबाईंनी पुढं होऊन त्यांच्या गुडघ्यावर मायेनं हात ठेवला.

"बाबा, अजून सात वर्सं न्हाई आलाव तरी चालंल," त्या म्हणाल्या, "कुनी रागावनार न्हाई. पर ह्या गुडघ्यास्नी जपा."