सातवी पाटी

पाट्या डोंगरावर जाऊन पंधरा दिवस झाले असायला हवे होते. सात लाकडी पाट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एकच मजकूर : ‘पुढे पक्ष्यांची घरटी आहेत. पायवाट सोडू नये.’ पण सही झाल्याशिवाय पक्षी-संरक्षण ऑफिसची वस्तू जागची हलता कामा नये, असं हेडक्लार्कांचं मत होतं आणि सही करणाऱ्या अधिकारी मॅडम दौऱ्यावर होत्या. म्हणून पाट्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शुक्रवारी मॅडम आल्या, सही झाली, ड्रायव्हर पाट्या आणायला गेला आणि हात हलवत परत आला.

"तिसऱ्या आणि चौथ्या पाटीच्या मध्ये घरटं आहे. चार अंडी दिसतायत."

"कुणाची?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"माझी नाहीत, एवढं नक्की."

पक्षी साधाच होता. राखाडी, मूठभर, घरोघरी वळचणीला दिसणारा. पण नियम क्रमांक चार सांगत होता, की वापरातल्या घरट्यापासून तीस पावलांच्या आत कोणीही जाऊ नये. ‘कार्यालयीन कर्मचारीही यास अपवाद नाहीत’ हे पुढचं वाक्य हेडक्लार्कांनी स्वतः घातलं होतं. ते त्यांच्या नोकरीतलं सर्वांत लाडकं वाक्य होतं.

तीस पावलं मोजली, तेव्हा त्यांत ऑफिसचा दरवाजा आला, टायपिस्टचं टेबल आलं आणि खुद्द हेडक्लार्कांची खुर्चीही आली. मग सगळं ऑफिस मागच्या फायलींच्या खोलीत सरकलं आणि मॅडमसकट सगळे खिडकीतून ये-जा करू लागले. शिक्का मारला की पक्षी दचकून उडायचा, म्हणून शिक्केही बंद झाले.

इथवर गंमत होती. खरी पंचाईत रविवारची होती. रविवारी डोंगर चढायची शर्यत होती आणि दोनशे धावणाऱ्यांना जवळची वाट म्हणजे वरचं कुरण. तिथे पिवळ्या गळ्याचे पक्षी गवतात, थेट जमिनीवर अंडी घालतात. त्या सगळ्या मुलखात त्यांची एवढी एकच जागा उरली होती. दोनशे जोडी बूट तिथून गेले असते, तर पुढच्या वर्षी रजिस्टरात काही लिहायची गरजच पडली नसती.

"नव्या पाट्या?" मॅडमनी विचारलं.

"सुतार म्हणतो, आठ दिवस."

"कागदावर लिहून लावू."

"वरच्या धुक्यात तासाभरात लगदा होतो," ड्रायव्हर म्हणाला.

हेडक्लार्क मान खाली घालून बसले होते. बावीस वर्षं ते पिवळ्या गळ्याच्या पक्ष्याची रजिस्टरं सांभाळत होते. दरवर्षीच्या जोड्या, अंडी, पिल्लं त्यांना तोंडपाठ होती. पक्षी मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. काम संपलं की जाऊ म्हणायचे, आणि काम कधी संपलं नाही. आता महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि जाता जाता त्यांच्याच हातून तो पक्षी संपणार होता. त्यांना अगदी भरून आलं.

"मी उभा राहतो," ते एकदम म्हणाले. "पाटीच्या जागी."

पाट्या सात होत्या. मॅडम, ड्रायव्हर, टायपिस्ट, शिपाई आणि ते स्वतः धरून माणसं पाच झाली. उरलेल्या दोन जागांसाठी त्यांनी घरी शब्द टाकला.

"मी येते," बायको म्हणाली. "आईलाही घेते."

"जावईबापू उभे राहणार?" सासूबाईंना हसू आवरेना. "लग्नातसुद्धा सारखी खुर्ची शोधत होते."

रविवारी पहाटे कुरणाच्या कडेने सात माणसं धुक्यात उभी राहिली. धुकं इतकं दाट होतं, की प्रत्येकाला आपण एकटेच जगात उरलो आहोत असं वाटत होतं. खालून पावलांचा आवाज यायचा, मग धुक्यातून एक घामेजलेला चेहरा उगवायचा.

"काका, इकडून जवळ पडतं ना?"

"पुढे पक्ष्यांची घरटी आहेत. पायवाट सोडू नये," हेडक्लार्क म्हणायचे.

"अहो, दोनच मिनिटं."

"पुढे पक्ष्यांची घरटी आहेत. पायवाट सोडू नये."

पाटीने जास्त बोलू नये, असं त्यांचं मत होतं. सासूबाईंना ते मान्य नव्हतं. "झोपलेल्या बाळाच्या अंगावरून धावशील का रे?" असं त्या दरडावून विचारत होत्या. त्यांच्या बाजूने आलेले धावपटू चक्क चवड्यांवर परत गेले.

त्या दिवशी एकही बूट कुरणात पडला नाही. पण सोमवारी सहलीला येणारे होतेच, आणि व्हरांड्यातली पिल्लं उडायला अजून चार आठवडे होते. सगळे पाळ्या लावून येऊ लागले. हेडक्लार्क मात्र रोज यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी गवतावर बसकण मारली. पाचव्या दिवशी धुक्यातून एक पिवळा गळा आला, समोरच्या दगडावर बसला आणि गायला लागला. बावीस वर्षांच्या रजिस्टरात ‘आवाज : गोड’ एवढंच लिहिलेलं होतं. ते त्यांनीच लिहिलं होतं, आणि आता त्यांना त्याची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात बायकोने विचारलं, "अहो, तुमचा निळा मफलर आखूड कसा झाला?"

"धुक्याने आटला असेल."

"लोकर अशी एकाच टोकाने आटते होय?"

त्यांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि डोंगराची वाट धरली.

चार आठवड्यांनी व्हरांड्यातलं घरटं रिकामं झालं. ड्रायव्हरने सातही पाट्या वर नेल्या आणि सहा रोवल्या. सातवी घेऊन तो हेडक्लार्कांकडे निघाला, मागोमाग बायको आणि सासूबाई.

"तिथेच थांबा!" हेडक्लार्क दबक्या आवाजात ओरडले. "तीस पावलं!"

त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गवतात एक वाटी होती. तिला आतून निळ्या लोकरीचं अस्तर होतं आणि त्यावर उशिरा आलेल्या जोडीतली मादी बसली होती. लोकरीचा शेवटचा धागा वाटीतून निघून हेडक्लार्कांच्या गळ्यातल्या उरल्यासुरल्या मफलरला लागलेला होता.

"अहो, पाटी आली. घरी चला आता!"

"ती दाणापाण्याला उडाली की येतो."

मादी उडाली. ते हलले नाहीत. ती परत आली, बसली, पुन्हा उडाली. ते पुन्हा हलले नाहीत.

"उडाली ना!" बायको म्हणाली.

"येतो, येतो. आत्ता येईल ती."

बायको बघतच राहिली. उद्या त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. नवऱ्याचा चेहरा इतका निवांत तिने संसारात कधी पाहिला नव्हता. तिने जेवणाचा डबा हळूच गवतावर ठेवला.

ड्रायव्हरने तीस पावलं मोजून सातवी पाटी रोवली. सासूबाईंनी त्याच्याकडून खडू मागून घेतला, रंगवलेल्या मजकुराखाली सावकाश काहीतरी लिहिलं आणि चवड्यांवर मागे सरकल्या.

‘पुढे पक्ष्यांची घरटी आहेत. पायवाट सोडू नये. आमचे जावईबापूही आहेत. हाक मारू नये.’