तीन रामरावांचा एक रामराव

नानांनी नवा चष्मा आणला की पहिले आठ दिवस ते त्यातून फक्त जुनी वर्तमानपत्रं वाचतात. "जमला तं मंग आजचा पेपर," म्हणतात. नवी चप्पल आधी अंगणात फिरवतात, नवी चहापत्ती आधी अर्ध्या कपात टाकून पाहतात.

दारव्ह्याच्या एका धर्मार्थ दवाखान्यात नाना नोंदणीच्या टेबलावर बसतात आणि मी शेजारी कॉम्प्युटर सांभाळतो. प्रोग्राममध्ये मी काहीही बदल केला की त्यांचं पालुपद सुरू, "नकलेवर करून पाह्यलं का? खऱ्याले हात नको लावू, बापू." मला त्याचा वैताग यायचा. वाटायचं, चष्म्याची गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी एकेका पेशंटच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या. त्या एकत्र करायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव आणि गाव जुळलं की माणूस एकच, असा माझा साधा हिशेब. सगळ्या नोंदींची नक्कल काढायला आमच्या म्हाताऱ्या मशीनला दोन तास लागतात, आणि त्यात बाजाराचा दिवस, दारात ही गर्दी. नाना चहाला गेले आणि मी प्रोग्राम थेट खऱ्या नोंदींवर चालवला. मिनिटभरात काम फत्ते! मी स्वतःवर फार खूष होतो.

अर्ध्या तासाने जवळच्या तांड्यावरचे रामराव राठोड सुजलेला पाय घेऊन आले. डॉक्टरांनी पडद्यावरची नोंद पाहून सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं. तेवढ्यात चहाहून परतलेले नाना इंजेक्शनचं नाव ऐकून दारातूनच ओरडले, "थांबा! हा शेळ्यावाला रामराव होय. याले हे इंजेक्शन चालत नाही. मागं श्वास कोंडलता याचा!"

त्या तांड्यावर रामराव राठोड तीन आहेत. माझ्या प्रोग्रामने तिघांचा एक केला होता, आणि शेळ्यावाल्याच्या नोंदीतली ती सूचना त्यात पुसली गेली होती. मी खुर्चीतून उठून रामरावांची माफी मागू लागलो. रामरावच मला म्हणाले, "तू कायले भेतं? पाय तेवढा दुखून राह्यला."

नक्कल नव्हती, म्हणून पुसलेल्या नोंदी नानांच्या मदतीने पुन्हा भरायच्या ठरल्या. रोज दुपारी दवाखाना बंद झाला की ते आठवून सांगायचे, मी लिहून घ्यायचो, मग दोघं मिळून जुन्या केसपेपरांशी ताडून पाहायचो. कोणाला दमा, कोणाची साखर, कोणाच्या सुनेचं दुसरं बाळंतपण. आठवडा गेला त्यात.

शेवटच्या दुपारी मी विचारलं, "नाना, इतकी माणसं लक्षात कशी राहतात हो?"

ते केसपेपरांच्या गठ्ठ्याला दोरी बांधत होते. "घरी बोलाले कोनी नाही, बापू. तुही काकू गेली तवापासून जेवता जेवता आज आलेला एकेक जन आठवतो. कोनाचा खोकला बसला, कोन पुन्हा आलाच नाही. तेवढीच सोबत."

चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत होतो. घरी कोण असतं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. प्रोग्रामच्या चुकीपेक्षा मला याची जास्त लाज वाटली. म्हटलं, "नाना, आज आमच्याकडे जेवायला चला."

गाठ मारता मारता ते थांबले. मग म्हणाले, "तुह्या घरी कोन-कोन असते? नावं सांग बरं."