ड्रॉइंगमास्तरांचं गिधाड

"दुपारच्या आत हा डबा पैशांनी भरून आणतो की नाही, बघच तू!" असं बायकोला छाती ठोकून सांगून ड्रॉइंगमास्तर रविवारी सकाळी घराबाहेर पडले, तेव्हा त्यांच्या अंगावर गिधाडाचा वेष होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर गिधाडांच्या नादी लागले होते. गावाबाहेरच्या टेकडीवर गुरांचे डॉक्टर जखमी गिधाडं सांभाळायचे. गिधाडं नऊ आणि पिंजरा तिघांचा! एकाने पंख पसरला की दुसऱ्याच्या डोळ्यात! महिन्याभरात मोठा पिंजरा झाला नाही, तर पक्ष्यांना लांबच्या प्राणिसंग्रहालयात पाठवावं लागणार होतं, आणि निम्म्यांना तो प्रवास झेपणार नव्हता. "पैसे मी उभे करतो," असं मास्तर ते ऐकताच बोलून बसले.

शिंप्याने जुन्या काळ्या पडद्याचे पंख शिवून आत छत्रीच्या काड्या घातल्या. मानेभोवती उशीतला कापूस लावला. टक्कल मात्र मास्तरांचं स्वतःचं होतं.

"तेवढाच खर्च वाचला," बायको म्हणाली. "पण उभे कुठे राहणार? बाजारात?"

"छे! बाजारात माणूस घासाघीस करायलाच येतो. माणसाचं मन हळवं कुठे होतं? दवाखान्याच्या दारात!"

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, आजारी माणसांच्या दारात गिधाड?"

"तुझं पक्ष्यांबद्दल मत कलुषित आहे!" मास्तर म्हणाले आणि पंख सावरत निघाले.

पहिल्या तासात डब्यात एक बटण पडलं, तेही मास्तरांच्याच पंखाचं. सासऱ्यांना आधार देत एक बाई फाटकापर्यंत आली. सासऱ्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि ते जागीच थबकले. "सूनबाई, मागच्या दाराने जाऊ या. घाई नाही मला."

ऊन चढलं. काळ्या पडद्यात मास्तर भाजून निघाले, म्हणून दमून आवाराच्या भिंतीवर जाऊन बसले. समोरच पहिल्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डाची खिडकी होती. आत हलकल्लोळ माजला!

"कुणाकडे बघतंय हो ते?"

"तुमच्याकडे. कॉट नंबर चार."

"माझ्याकडे कशाला? माझा नुसता हर्निया आहे!" चार नंबरवरचे आजोबा उसळले. ते निवृत्त बसड्रायव्हर होते, आवाज हॉर्नसारखा. "ते सहा नंबरकडे बघतंय!"

सहा नंबरने घाईघाईने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"अहो, तोंड झाकू नका! त्याचा गैरसमज होईल!"

शेवटी मोठ्या सिस्टरबाई तरातरा खाली आल्या. "काय चाललंय हे? कुणाची वाट बघत बसलाय?"

"माणसांची," मास्तर कळवळून म्हणाले. "सकाळपासून एकही मिळाला नाही हो!"

"वर पाच जण घरी सोडा म्हणून हटून बसलेत!"

"मग त्यांना इकडूनच पाठवा ना!"

सिस्टरबाईंचा चेहरा पाहून मास्तर खुलासा करायला उठले, पण डोळ्यांपुढे अंधारी आली. दोनदा पंख फडफडले आणि गिधाड बाईंच्या पायाशी आडवं झालं!

स्ट्रेचर आलं. रिकामी कॉट नेमकी पुरुषांच्या वॉर्डात, पाच नंबरची. गिधाड दारातून आत येताना दिसलं तशी सलाईनच्या बाटल्या हातात धरून माणसं भिंतीला चिकटली. पाठीची चेन अडकलेली, वेष काही निघेना. सिस्टरबाईंनी पंख वर करून तिथेच सुई टोचली.

आजोबा धीर करून जवळ आले. "अरेच्चा, हे तर आपल्यापेक्षा आजारी दिसतंय!" त्यांनी स्ट्रेचरबरोबर आलेला डबा उचलून वरची चिठ्ठी वाचली. 'गिधाड वाचवा. सढळ हाताने मदत करा.' आजोबांनी चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. "बिचारा औषधपाण्याला पैसे मागत होता रे! आणि आपण त्याच्या नावाने बोटं मोडत होतो!"

डबा कॉटवरून कॉटवर फिरला. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी पैसे टाकले. सहा नंबरनेही पांघरुणातून हात बाहेर काढला.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा आजोबा ओरडत होते, "वाचलं! गिधाड वाचलं!" वॉर्डात टाळ्यांचा कडकडाट झाला.

भरलेला डबा पाहून मास्तरांना भरून आलं. पण हाडाचा शिक्षक, खोटं पचेना. "मंडळी, हे पैसे माझ्यासाठी नाहीत. टेकडीवर आणखी नऊ आहेत."

सगळ्यांनी एकदम खिडकीकडे पाहिलं.

"नऊ?" आजोबा दोन पावलं मागे सरकले. "ती पण इथेच यायची आहेत?"

"नाही, नाही. मोठा पिंजरा झाला, तर ती टेकडीवरच राहतील."

"नक्की तिथेच ना?" असं दोनदा विचारून घेऊन आजोबांनी दुसराही खिसा डब्यात रिकामा केला. मग सगळ्यांनीच केला.

पिंजरा उभा राहिला. नऊच्या नऊ गिधाडांनी ऐसपैस पंख पसरले. डॉक्टर मास्तरांचा हात सोडेनात. "एवढे पैसे जमवलेत तरी कसे?"

मास्तरांनी कॉलर सारखी केली. "लोकांना विषय नीट समजावून सांगावा लागतो, डॉक्टर."

"हो ना," बायको म्हणाली, "आणि समजावताना मधेच बेशुद्ध पडावं लागतं!"